विद्यार्थी आणि मजूर : एका नियमाची जन्मकथा



आजच्या विषयाचे नाव ऐकून परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल अशी कायद्याची माहिती येथे मिळेल, असे कोणाला वाटणे साहजिक आहे. ती थोडीबहुत मिळेलही; परंतु माझा मुख्य उद्देश तो नाही. कायद्याचे कलम वाचून काय करावे आणि काय करू नये एवढेच कळते. ते कलम कोणी, कोणाच्या भीतीने आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते. आणि हे विचारल्यावाचून कलमाचा खरा अर्थ उमगत नाही, असा माझा अनुभव आहे.

नियम पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील विद्यापीठात व्हिसावर शिकणारा परदेशी विद्यार्थी सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आणि तेही आठवड्यास २० तासांपर्यंतच, पगाराचे काम करू शकतो. पहिल्या शैक्षणिक वर्षात आवाराबाहेर त्याला सहसा काम धरता येत नाही. पुढेही ते अभ्यासक्रमाचा भाग असेल, किंवा अकस्मात आर्थिक संकट कोसळले असेल, तरच परवानगीने मिळते. स्वतःचा धंदा काढून तो चालवणे हे तर या नियमांच्या दृष्टीने परवानगीवाचून केलेली नोकरीच होय. नियम मोडला तर दंड होत नाही. विद्यार्थी हा दर्जाच जातो, आणि दर्जा गेला की देशात राहण्याचा हक्कही जातो.

याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण सोपे आहे. शिकायला आलात, तर शिका. आपल्याकडील कोणत्याही बापाला हे पटण्यासारखे आहे. परंतु त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणाऱ्या अमेरिकी मुलाला ही मर्यादा नाही. तो रात्री उपाहारगृहात बशा विसळतो, सकाळी वर्गात येतो, आणि सवड मिळाली तर दुकानही काढतो. कामाने अभ्यास बुडत असेल तर तो दोघांचाही बुडावयास हवा. तेव्हा अभ्यासाची काळजी हे या नियमाचे कारण असले, तरी ते पुरते कारण नव्हे. पुरते कारण शोधण्यासाठी आपल्याला सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल.

युंग विंग नावाचा एक चिनी मुलगा १८४७ साली एका मिशनरी शिक्षकाबरोबर अमेरिकेत पोचला. १८५४ साली तो येल महाविद्यालयाचा पदवीधर झाला. अमेरिकी महाविद्यालयाची पदवी मिळवणारा तो पहिला चिनी. हा येलमध्ये शिकत असताना विद्यार्थ्यांच्या एका खानावळीची व्यवस्था पाहत असे आणि एका विद्यार्थिमंडळाच्या ग्रंथालयात मदतनिसाचे काम करीत असे. त्याच्या जेवणाचा आणि वरखर्चाचा भार त्यातून हलका होई. यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. उलट, स्वकष्टाने शिकणाऱ्याविषयी त्या देशात आदरच होता आणि आजही आहे. आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या पिढ्या आपण पाहिल्या. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग उघडला, तेव्हा श्रम हा शिक्षणाचा शत्रू नसून सोबती आहे, हे तत्त्व आपल्या मातीत रुजले. युंग विंगच्या वेळी अमेरिकेचीही समजूत हीच होती. मग ती बदलली कशाने?

ती बदलली मजुराच्या भीतीने. पूर्व आणि पश्चिम अमेरिका जोडणारा लोहमार्ग १८६९ साली पुरा झाला. त्याच्या पश्चिमेकडील भागात डोंगर फोडण्याचे जीवघेणे काम हजारो चिनी मजुरांनी केले होते. लोहमार्ग झाला, मजूर रिकामे झाले. त्यातच १८७३ साली मंदी आली. सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नी नावाचा पुढारी ‘चिन्यांना हाकला’ अशी आरोळी ठोकू लागला. हा कर्नी स्वतः आयर्लंडातून आलेला! परंतु भुकेल्या माणसाला आपल्या शेजाऱ्याचे ताट प्रथम दिसते, मालकाचे कोठार दिसत नाही. या क्षोभातून १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. आरंभी तो दहा वर्षांपुरता होता. पुढे त्याची मुदत वाढत गेली आणि शेवटी तो १९४३ साली रद्द झाला.

या कायद्यातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. बंदी सरसकट नव्हती. चीनशी झालेल्या १८८० च्या तहाप्रमाणे शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि प्रवासी यांना दार उघडे ठेवणे भाग होते. म्हणजे एकाच देशातून, एकाच जहाजातून उतरणाऱ्या माणसांची दोन रांगांत वाटणी करावयाची झाली : एक रांग मजुरांची, ती परत जाणार, दुसरी सभ्यांची, ती आत येणार. आता वाटणी करावयाची म्हटली की व्याख्या आली. १८९३ साली कायद्यातच व्यापाऱ्याची व्याख्या घातली गेली : ठरावीक जागी माल घेतो आणि विकतो तो व्यापारी, मात्र आपल्या व्यापाराला आवश्यक तेवढे सोडून त्याने अंगमेहनतीचे काम करता कामा नये. विद्यार्थ्याची व्याख्या १९०० साली अर्थखात्याच्या कायदेपंडिताने ठरवून दिली. तिचा आशय असा : उच्च शिक्षणासाठी, किंवा मायदेशी ज्याची सोय नाही असा व्यवसाय शिकण्यासाठी जो आला आहे, येथे असताना ज्याच्या निर्वाहाची तरतूद आधीच झालेली आहे, आणि शिक्षण पुरे होताच जो परत जाणार आहे, तो विद्यार्थी.

श्रोतेहो, ही तीन लक्षणे नीट ध्यानात ठेवा. उच्च शिक्षण, आगाऊ पैसा, आणि परतीचा इरादा. आज मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला उभ्या राहणाऱ्या मुलाला हेच तीन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. विद्यापीठाचे पत्र दाखव, बँकेतील शिल्लक दाखव, आणि तू परत येशील हे पटवून दे. चिन्यांवरील बंदीचा तो कायदा इतिहासजमा झाला; त्याच्या पोटी जन्मलेली ही व्याख्या मात्र शतकाहून अधिक काळ टिकून आहे.

या व्याख्येचा परिणाम असा झाला की, श्रम हे ओळखीचे चिन्ह ठरले. जो हाताने राबतो तो मजूर, आणि मजुराला तर बंदी. तेव्हा विद्यार्थी म्हणून आलेला चिनी माणूस धोब्याच्या दुकानात किंवा उपाहारगृहात राबू लागला, तर त्याचे विद्यार्थीपण संशयास्पद होई. युंग विंगने जे उघडपणे केले, ते त्याच्या नातवाच्या पिढीने करणे धोक्याचे झाले. काम तेच होते. करणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती.

आता आपल्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी विद्यार्थी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ लागले, तेव्हा चिन्यांचा कायदा त्यांना लागू नव्हता. म्हणून त्यांच्यापैकी पुष्कळजण राबून शिकले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे उदाहरण आपल्या सर्वांस अभिमानाचे आहे. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या संस्थानांत त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले, आणि लाकूडगिरण्यांतील पंजाबी मजुरांमध्ये मिसळून स्वातंत्र्याची संघटना बांधली. पुढे १९२० नंतरच्या दशकात ते मेक्सिकोत गेले व तेथे मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी केलेल्या संशोधनामुळे त्या देशाने त्यांना मान दिला. विद्यार्थी आणि मजूर या दोन रांगा खानखोज्यांनी आपल्या आयुष्यात एक केल्या होत्या. परक्या सत्तेला याचीच धास्ती वाटे. शिकलेला माणूस मजुरांत बसू लागला की तेथे गदर पक्ष जन्माला येतो, हे १९१३ साली दिसून आले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ‘निर्वाहाची तरतूद’ या शब्दांचा अर्थ अशा वेळी उलगडतो. ज्याच्या मागे महाराजा आहे किंवा जमीनजुमला आहे, त्याला व्याख्येची अडचण पडत नाही. आणि बाबासाहेबांसारख्या बुद्धीच्या माणसालाही शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, हे विसरून चालणार नाही. आगाऊ पैसा ही अट बुद्धीची परीक्षा घेत नाही. ती बापाच्या किंवा आश्रयदात्याच्या तिजोरीची परीक्षा घेते.

१९१७ साली दार हिंदी लोकांनाही बंद झाले. त्या वर्षीच्या कायद्याने आशियाचा एक प्रचंड पट्टा ‘निषिद्ध’ ठरवला, आणि हिंदुस्थान त्यात आला. येथेही विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी, प्रवासी यांना सूट होती. म्हणजे चिन्यांसाठी केलेली ती दोन रांगांची वाटणी आता आपल्यालाही लागू झाली. या काळात गेलेल्या दोघांची हकिकत सांगतो.

पहिले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९२३ साली मद्रासची वैद्यकीय सनद घेऊन ते बोस्टनला पोचले. त्या सनदेवर तेथे वैद्यकी करता येईना. तेव्हा पोटासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीला हलकी कामे केली आणि दिवसा हार्वर्डमध्ये अभ्यास केला. शरीरातील स्फुरद मोजण्याची फिस्के आणि सुब्बाराव यांची पद्धत १९२५ साली प्रसिद्ध झाली, ती आजही जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यांच्या पुढील कार्यातून जगाला किती औषधे मिळाली, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. आपल्यापुरता प्रश्न एवढाच की, त्या रात्रपाळीवर कोणी बोट ठेवले असते तर?

दुसरे दलीपसिंग सौंद. अमृतसरजवळच्या खेड्यातून १९२० साली ते बर्कलेला शिकावयास गेले. सुटीत फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत त्यांनी काम केले, आणि गणितात डॉक्टरेट मिळवली. परंतु १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदी माणूस ‘गोरा’ नसल्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. आणि जो नागरिक होऊ शकत नाही त्याला कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नसे. गणिताच्या डॉक्टरला गणिताची नोकरी मिळेना, म्हणून तो शेतीकडे वळला. शेती करावी तर जमीन स्वतःच्या नावावर घेता येईना. नोकरी नाही आणि धंदाही नाही, अशी ही दुहेरी कोंडी होती. तरीही सौंद टिकून राहिले. १९४६ साली हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले, त्यासाठी झटणाऱ्यांत ते होते. १९४९ साली ते नागरिक झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले आशियाई वंशाचे सभासद. १९२० सालच्या अधिकाऱ्याने कागदावर ‘विद्यार्थी, परत जाणार’ असे ज्याच्याविषयी मानले असेल, तो माणूस त्या देशाचे कायदे करावयास बसला.

इकडे नियम कडक होत चालला होता. १९२४ च्या कायद्यात विद्यार्थ्याला प्रथमच स्वतंत्र कलम मिळाले. त्याचे वय किमान पंधरा असावे, तो ‘केवळ’ शिक्षणासाठी आलेला असावा, त्याची संस्था कामगारमंत्र्याने मान्य केलेली असावी, आणि त्याने शाळा सोडल्यास संस्थेने तसे सरकारला कळवावे. यातील शेवटची अट बारीक वाटते. परंतु तिने शिक्षणसंस्थेला पहारेकरी केले. पुढे २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००३ पासून, विद्यार्थ्याचा पत्ता, त्याचे वर्ग आणि त्याचे काम यांची नोंद करणारी संगणकीय व्यवस्था सर्व विद्यापीठांना सक्तीची झाली, तिचे मूळ या १९२४ च्या वाक्यात आहे. आणि ‘कामगारमंत्री’ हा शब्दही लक्षात घ्या. परदेशी विद्यार्थ्यांचा कारभार शिक्षणखात्याकडे नव्हता. तो कामगारखात्याकडे होता. त्या खात्याच्या चष्म्यातून विद्यार्थी हा मुळात संभाव्य कामगार म्हणूनच दिसणार!

तो तसा दिसला १९३२ साली. महामंदीने अमेरिका गांजली होती. १९३३ पर्यंत चार कामकऱ्यांमागे एक बेकार झाला. कामगारमंत्री विल्यम डोक यांच्या खात्याने, परदेशी विद्यार्थ्याने पोटासाठी वेतनाचे काम धरल्यास त्याचा विद्यार्थी हा दर्जा संपला असे समजावे, अशा आशयाचा हुकूम काढला. विद्यापीठांतून नाराजी उमटली, कारण राबून शिकणारे विद्यार्थी त्यांना चांगलेच ठाऊक होते. परंतु तत्त्व प्रस्थापित झाले ते झाले. १८८२ साली जे चिनी माणसापुरते होते, ते १९३२ साली सर्व परदेशी विद्यार्थ्यांचे झाले.

येथे दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. मंदीत ज्याची नोकरी गेली त्या अमेरिकी कामकऱ्याचे दुःख खोटे नव्हते. परवान्याच्या भीतीने दबलेला परदेशी तरुण कमी मजुरीवर राबतो आणि त्यामुळे सर्वांचीच मजुरी खाली येते, हा आक्षेपही पोकळ नाही. शिवाय शिक्षणाच्या नावाखाली केवळ नोकरीसाठी येणारे असतातच. २०११ साली कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाचे एक ‘विद्यापीठ’ सरकारने बंद केले. तेथे शिकवणे नाममात्र होते. फी भरली की विद्यार्थी असल्याचा कागद मिळे आणि त्या जोरावर काम करता येई. तेथील विद्यार्थी बहुतांशी भारतीय होते. त्यांपैकी काहींच्या पायांत, ते कोठे जातात हे कळावे म्हणून, यंत्राचे कडे अडकवण्यात आले. संस्थेच्या चालिकेला पुढे शिक्षा झाली. या प्रकरणात काही मुले लबाड होती, काही फसली होती. परंतु त्यातून बोध घ्यावयाचा तो हा की, प्रामाणिक कामाचे दार जेवढे अरुंद, तेवढा चोरकिल्ल्या विकणाऱ्यांचा धंदा तेजीत.

अमेरिकेलाही ही अडचण उमगली नाही असे नाही. १९४० साली हे खाते कामगारमंत्र्याकडून न्यायखात्याकडे गेले. युद्धानंतर जगभरच्या तरुणांना आपल्याकडे ओढून घेण्याची गरज तिला भासू लागली. १९४७ च्या नियमांनी एक पळवाट नव्हे, पण पायवाट काढली : विद्यापीठाने शिफारस केली तर विद्यार्थ्याला सहा महिने, आणि मुदत वाढवून एकूण दीड वर्षापर्यंत, ‘प्रात्यक्षिक शिक्षण’ म्हणून काम करता यावे. शब्दाची किमया पाहा. कामाला काम म्हटले तर ते निषिद्ध. त्यालाच शिक्षण म्हटले की ते चालते. १९५२ च्या मुख्य कायद्याने परदेशी विद्यार्थ्याचा आजचा वर्ग निर्माण केला, आणि त्यातही ‘केवळ शिक्षणासाठी’ व ‘मायदेश सोडण्याचा इरादा नसलेला’ ही जुनी लक्षणे तशीच राहिली. मात्र प्रात्यक्षिकाची पायवाट रुंदावत गेली. १९९२ साली पदवीनंतरच्या ऐच्छिक प्रात्यक्षिकाची मुदत बारा महिने ठरली. विज्ञान, तंत्र, अभियांत्रिकी आणि गणित शिकणाऱ्यांना २००८ साली आणखी सतरा महिने मिळाले. ते न्यायालयात अडखळले, तेव्हा २०१६ साली नवा नियम करून चोवीस महिने देण्यात आले. अमेरिकी तंत्रज्ञांच्या एका संघटनेने या सवलतीला आव्हान दिले; २०२२ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. हा वाद न्यायालयात गेला, कारण काँग्रेसच्या कायद्यात या सवलतीचा स्पष्ट उल्लेख नाही. ती खात्याच्या नियमांवर उभी आहे. नियमाने दिलेले नियमाने काढूनही घेता येते.

नोकरीची ही कथा झाली. धंद्याची याहून विचित्र आहे. विद्यार्थी एखाद्या कंपनीचे भाग घेऊ शकतो. म्हणजे त्याच्या पैशाने काम केलेले चालते. त्याने स्वतः केलेले चालत नाही. पदवीनंतरच्या पहिल्या बारा महिन्यांत आपल्या विषयाशी संबंधित असा स्वतःचा धंदा त्याला करता येतो. परंतु पुढील चोवीस महिन्यांत त्याला कोणीतरी मालक दाखवावा लागतो. त्या मालकाने शिक्षणाची योजना लिहून सही करावी लागते, आणि स्वतःच स्वतःचा मालक होता येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी काढलेला धंदा दुसऱ्या वर्षी अंगाशी येतो, तो धंदा बुडाल्यामुळे नव्हे, तर परवान्याची मुदत पालटल्यामुळे. १८९३ साली अंगमेहनत न करणारा व्यापारी तेवढा आत घेतला जाई. आता परीक्षा अशी की, विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या हाताखाली राबावे, पण स्वतःच्या कल्पनेसाठी राबू नये. ज्या देशाने आपली कीर्ती नव्या उद्योगांवर उभारली, त्याने उद्योगी तरुणाला हे सांगावे!

उपाय झालेच नाहीत असे नाही. उद्योजकांसाठी स्वतंत्र व्हिसाचे विधेयक २०१० साली काँग्रेसपुढे आले. ते, आणि पुढील वर्षांतील तशी विधेयके, संमत झाली नाहीत. मग २०१७ च्या जानेवारीत सरकारने एक नियम केला : नव्या उद्योगात किमान अडीच लाख डॉलरची गुंतवणूक अमेरिकी गुंतवणूकदारांकडून मिळवली तर संस्थापकाला तीस महिने राहू द्यावे. नवे सरकार आले. त्याने अंमलबजावणी पुढे ढकलली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यायालयाने ती ढकलणी रद्द केली. पण अडीच लाख डॉलर आधी आणा, ही अट कानांवर पडताच १९०० सालची ती ‘निर्वाहाची तरतूद’ आठवल्यावाचून राहत नाही. पैसा आधी, परवाना मागून.

आता आपल्या घरातला प्रश्न. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांपैकी ९७,५५६ पदवीनंतरच्या प्रात्यक्षिक मुदतीत काम करीत होते. २०२४-२५ मध्ये एकूण आकडा ३,६३,०१९ झाला. यांतले थोडेच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेलेले. बहुतेकांच्या मागे घर किंवा शेत गहाण टाकून काढलेले कर्ज आहे. कर्ज रुपयांत, फी डॉलरांत, आणि ते फेडण्याचा मार्ग त्या बारा किंवा छत्तीस महिन्यांच्या अरुंद गल्लीतून जातो. गल्लीच्या शेवटी नोकरीच्या व्हिसाची सोडत असते : वर्षास ६५,०००, आणि अमेरिकी विद्यापीठाची उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, मालक त्याच्यावर खूष आहे, एवढे सर्व असूनही चिठ्ठी निघाली नाही तर परत, ही गोष्ट कर्जाच्या कागदावर सही करताना किती बापांना ठाऊक असते?

म्हणून माझे नागरिकांना सांगणे असे की, परदेशी शिक्षण हे नोकरीचे तिकीट आहे असे समजून घर गहाण टाकू नका. कायद्याने दिलेला दर्जा विद्यार्थ्याचा आहे, तो तेवढ्यापुरताच धरून हिशेब मांडा. आणि गेलेल्या मुलाला गुपचूप काम करून पैसे पाठवण्याचा आग्रह तर कधीच करू नका. त्या चार पैशांसाठी त्याचे सगळे शिक्षण पणाला लागते. हा उपदेश कठोर वाटेल. पण नियम अन्याय्य आहे असे म्हणणे आणि तो नाही असे समजणे, यांत अंतर आहे.

एवढे बोलून मी थांबलो असतो, तर टाळी सोपी झाली असती. दुसऱ्याच्या देशातील उणे दाखवणे नेहमीच सोपे असते. परंतु आपल्या दाराशीही विद्यार्थी उभा आहे. पुण्याच्या महाविद्यालयांत आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून आलेली मुले गेली कित्येक दशके शिकत आहेत. आपल्या देशाचा विद्यार्थी-व्हिसाही त्यांना नोकरी करू देत नाही. त्यांतला एखादा सुट्टीत दुकानात उभा राहून आपली खोलीभाड्याची ददात मिटवू पाहील, तर तोही नियमभंगच ठरेल. आपल्यापैकी किती जणांनी त्याची चौकशी केली आहे? माधुकरीची आणि कमवा-शिकाची परंपरा आपण सांगतो, ती आपल्याच मुलांपुरती असेल तर तिला परंपरा कशाला म्हणावयाचे? ती मग केवळ आपल्या सोयीची आठवण ठरते.

देशाने आपल्या कामकऱ्याचे रक्षण करावे, यात वाद नाही. पण ते मजुरीचे किमान दर पाळून, फसव्या संस्था बंद करून आणि पिळवणूक करणाऱ्या मालकाला शिक्षा करून करता येते. विद्यार्थी आणि मजूर अशा दोन जाती पाडून, ज्याच्याकडे आगाऊ पैसा आहे त्यालाच विद्यार्थी म्हणणे, हा मार्ग १८८२ साली भीतीपोटी शोधला गेला. भीती गेली तरी मार्ग राहिला, आणि आज तोच स्वाभाविक वाटू लागला आहे. इतिहासाचे काम इतकेच की, जे स्वाभाविक वाटते त्याची जन्मतारीख सांगावी. ज्याला जन्मतारीख आहे ते अनादी नाही, आणि जे अनादी नाही ते बदलता येते. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलाला सुट्टीत, उघडपणे आणि योग्य मजुरीवर, चार तास राबून शिकता यावे एवढा बदल आपण आपल्या सरकारकडे मागू शकतो. तो झाला, तर पुढच्या वेळी आपल्या मुलांसाठी अमेरिकेकडे तेच मागताना आपला आवाज अधिक खणखणीत निघेल.